सह्या ४ जुलैला झालेल्या नाहीत

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या शनिवारच्या, ४ जुलैच्या अंकातलं आपलं 'दिनविशेष' सकाळी चहाबरोबर वाचलं होतं आणि 'जाऊ दे, रोजचंच आहे' म्हणून अंक घडी घालून ठेवूनही दिला होता. चौसष्टाव्या वर्षी रक्तदाब सांभाळावा लागतो. पण साडेदहाच्या सुमारास एका शाळूसोबत्याने त्याच चौकटीचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. खाली एवढंच : 'बघ रे, दोन ऑगस्ट.' तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. (दोन ऑगस्ट हे माझं नाव आहे. कसं पडलं ते पुढे येईल.)

आपण छापलंय, '१७७६ : ५६ अमेरिकी नेत्यांनी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या.' साल बरोबर आहे. ५६ हा आकडाही बरोबर आहे, त्याबद्दल आभार. पण ४ जुलैला हे ५६ जण रांगेत उभे राहून दौतीत लेखणी बुडवत होते, हे आपल्याला कुणी सांगितलं?

मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या सभा शाखेत काढली. ठराव मांडला कधी, मंजूर झाला कधी, मसुदा कायम झाला कधी, स्वच्छ प्रत लिहिली कधी आणि सह्या झाल्या कधी, या वेगवेगळ्या तारखा असतात. सगळ्यांची मिळून एक तारीख टाकणाऱ्याला आमच्याकडे मेमो मिळायचा. फिलाडेल्फियाचं प्रकरणही (अमेरिकेतल्या वसाहतींच्या प्रतिनिधींची सभा, म्हणजे काँग्रेस, तिथे भरली होती) त्याच हिशेबाने बघा. ७ जूनला व्हर्जिनियाच्या रिचर्ड हेन्री लीने इंग्लंडपासून फारकत घेण्याचा ठराव मांडला. अनुमोदक जॉन अ‍ॅडम्स. विषय १ जुलैपर्यंत तहकूब, दरम्यान जाहीरनामा लिहायला पाच जणांची समिती. १ जुलैला चाचणी मतदान झालं तर पेनसिल्व्हेनिया आणि साउथ कॅरोलायना विरोधात, न्यूयॉर्क तटस्थ आणि डेलावेअरचे दोन हजर प्रतिनिधी एकमेकांविरुद्ध. तिसरा, सीझर रॉडनी, घरी. त्याला निरोप गेला आणि तो भर पावसात रात्रभर प्रवास करून २ जुलैला सभागृहात पोचला. त्या दिवशी विरोधातल्या दोघीही वळल्या आणि बारा वसाहती बाजूने, न्यूयॉर्क पुन्हा तटस्थ. ठराव मंजूर. म्हणजे स्वातंत्र्य मिळवायचं हे ठरलं २ जुलैला. अ‍ॅडम्सने दुसऱ्याच दिवशी बायकोला पत्र लिहून कळवलं की २ जुलै हा दिवस पुढच्या पिढ्या दारूकाम करून, मिरवणुका काढून साजरा करतील. दारूकामाचं बरोबर आलं, तारीख दोन दिवसांनी हुकली.

४ जुलैला काय झालं? त्या समितीतल्या जेफरसनने लिहिलेल्या मजकुरात काटछाट करून तो कायम केला आणि डनलॅप नावाच्या मुद्रकाकडे धाडला. त्याने रातोरात छापलेल्या कागदावर नावं दोनच, काँग्रेसचा अध्यक्ष हॅनकॉक आणि सचिव थॉमसन, तीही छापील. ९ जुलैला न्यूयॉर्कने होकार दिला, तेव्हा कुठे मथळ्यात 'सर्वानुमते' हा शब्द घालता आला. (आपल्याकडे हा शब्द सभा सुरू होण्याआधीच टाइप झालेला असतो, हे मी शपथेवर सांगू शकतो.) १९ जुलैला चर्मपत्रावर सुवाच्य प्रत लिहायचा हुकूम निघाला. आणि सह्या झाल्या २ ऑगस्टला. त्याही सगळ्यांच्या नव्हेत, काही जणांनी मागाहून केल्या. न्यू हॅम्पशायरचा मॅथ्यू थॉर्नटन तर काँग्रेसमध्ये हजरच झाला नोव्हेंबरात, आणि त्याची सही आहे. उलट मसुदा समितीतल्या लिव्हिंग्स्टनची नाही.

घोळ का होतो तेही मला कळतं. चर्मपत्राच्या डोक्यावर ४ जुलै ही तारीख आहे आणि छप्पन्नांपैकी एकानेही सहीखाली तारीख टाकलेली नाही. आमच्या साहेबांनी तो कागद तसाच टेबलावरून परत पाठवला असता. खुद्द जेफरसन आणि अ‍ॅडम्स उतारवयात 'सह्या ४ जुलैलाच झाल्या' असं सांगत होते. दोघंही गेले ते ४ जुलै १८२६ ला, एकाच दिवशी, बरोबर पन्नास वर्षांनी. त्यांना माफ आहे. ते वर्तमानपत्र काढत नव्हते.

आता माझ्या नावाचं. १९७६ साली मी नववीत होतो. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली म्हणून तालुक्याच्या सामान्यज्ञान स्पर्धेत त्यावर प्रश्न येणार हे गुरुजींनी आधीच सांगून ठेवलं होतं. गावच्या वाचनालयात पाठपुठ्ठा निसटलेला एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ होता. ग्रंथपाल दुपारी दोन तास मोकळे असत. त्यांनी ओळीवर बोट ठेवून वाचून दाखवलं आणि मी वहीत उतरवून घेतलं : ठराव २ जुलै, मजकूर ४ जुलै, सह्या २ ऑगस्ट. तिन्ही तारखांखाली तांबड्या पेन्सिलीने रेघ मारली.

अंतिम फेरीत आमची शाळा आणि तालुक्याची शाळा बरोबरीत होत्या. शेवटचा प्रश्न आला, जाहीरनाम्यावर सह्या केव्हा झाल्या? टेबलावर मुख्याध्यापकांच्या खोलीतली पितळी घंटी ठेवलेली होती. मी ती इतक्या जोरात हाणली की ती खालीच पडली. म्हणालो, '२ ऑगस्ट १७७६.' परीक्षक हसले, मग सगळा हॉल हसला. समोरच्या मुलाने '४ जुलै' म्हटलं आणि टाळ्या. मी वही घेऊन व्यासपीठावर गेलो. परीक्षकांनी वही बघितली नाही. खिशातून घडी घातलेलं एक कात्रण काढून माझ्यापुढे धरलं. एका दैनिकाच्या 'दिनविशेष'चं. 'बाळ, हे छापलेलं आहे,' ते म्हणाले. आणीबाणीचे दिवस होते, छापलेल्याशी वाद घालायची पद्धत नव्हती. तशी ती आमच्या घरातही नव्हती.

बक्षीस शाईपेनांचा संच होता, प्रत्येकाला दोन पेनं, मरून रंगाची, सोनेरी क्लिपची. ती समोरच्या तिघांना गेली. परतीच्या एसटीत माझ्या गटातले दोघं माझ्याशी बोलले नाहीत. बोलले ते दुसऱ्या दिवशी, आणि तेव्हा मला हाक मारली 'दोन ऑगस्ट'. त्यातला एक, काल फोटो पाठवणारा तोच, आजही लग्नकार्यात पंगतीतून ओरडतो, 'दोन ऑगस्टला जिलबी वाढा!' सूनबाईंना बरीच वर्षं वाटत होतं की तो माझा वाढदिवस आहे. आणि पन्नास वर्षांनी, अडीचशेव्या वाढदिवसाला, आपण तीच ओळ पुन्हा छापता. आपलं कात्रण आता त्याच्या मोबाइलमध्ये आहे. त्याला मी काय दाखवू, माझी वही?

चौकटीसोबतच्या चित्राखाली 'सह्या करताना नेते' असं आहे. ते ट्रंबुलचं चित्र आहे, अमेरिकेच्या संसद भवनात लावलेलं आणि दोन डॉलरच्या नोटेच्या मागेही छापलेलं. त्यात मसुदा समितीचे पाच जण उभे आहेत आणि जेफरसन बसलेल्या हॅनकॉकपुढे कागद ठेवतो आहे. तो प्रसंग २८ जूनचा, मसुदा सादर केल्याचा. सह्यांशी त्याचा काही संबंध नाही. आणि शेवटी ती इंग्लंडच्या राजाच्या डायरीची गंमत, की त्याने ४ जुलैला 'आज विशेष काही नाही' असं लिहिलं! तिसऱ्या जॉर्जने अशी डायरी ठेवलीच नव्हती. 'काही नाही' ही नोंद फ्रान्सच्या सोळाव्या लुईची, १४ जुलै १७८९ ची, आणि तीही शिकारीबद्दलची. राजा बदलला, देश बदलला, साल बदललं. बाकी बरोबर आहे.

बरं, १७७६ चं इतकं अगत्य आहे तर १ मार्चच्या अंकात काय होतं तेही मी काढून पाहिलं (रद्दी मी तीन वर्षांची ठेवतो, घरात त्यावरून बोलणी खातो). १ मार्च १७७६ ला ईस्ट इंडिया कंपनीचा कर्नल अप्टन आणि सखारामबापू, नाना फडणीस यांच्यात पुरंदरचा तह झाला. त्यालाही यंदा अडीचशे वर्षं झाली. कंपनी तीच, जिचा चहा बोस्टनच्या लोकांनी १६ डिसेंबर १७७३ ला बंदरात ओतला होता. आपल्या दिनविशेषात त्याची एक ओळ नाही. असती तर मिर्झाराजांच्या, १६६५ च्या तहाशी गल्लत झाली असती, तेव्हा एका अर्थी बरंच झालं म्हणायचं.

जाता जाता, त्याच चौकटीच्या खाली सूर्योदयाची वेळ असते. गेले अकरा दिवस आपल्याकडे सूर्य रोज ६ वाजून ४ मिनिटांनीच उगवतो आहे. तारखांचं सोडा, ते दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीचं आहे. खिडकी तर उघडता येईल?

खुलासा छापणार असाल तर छोट्या नोटिसांच्या पानावर, हरवले-सापडलेच्या खाली घालू नये ही विनंती. २ ऑगस्टला छापा. त्या दिवशी रविवार आहे, पुरवणीत जागा असते. मथळा 'दोन ऑगस्ट बरोबर होता' एवढाच पुरे. मी त्याचा फोटो काढून एकाच माणसाला पाठवणार आहे.

कळावे,
आपला,
एक जुना वर्गणीदार

ता. क. : पेनं मिळाली नाहीत तरी चालेल.