स्थापत्यच्या मुलांना कोयना दाखवा

माझी मुलगी स्थापत्य अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. यंदा तिच्या वर्गाची ‘शैक्षणिक सहल’ एका वॉटर पार्कला गेली. अहवालात मात्र धरणभेट लिहिली. फार वाईट वाटले. कोयना कराडहून किती लांब? ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात त्या १०३ मीटर उंच धरणाला वरच्या भागात, जिथे भिंतीचा उतार एकदम बदलतो तिथे, आडव्या भेगा पडल्या. पुढे काँक्रीटचा आधार देऊन ते भक्कम केले गेले. ताण कुठे एकवटतो हे फळ्यावरही शिकवता येते, पण त्या भिंतीसमोर उभे राहून कळलेले मुले आयुष्यभर विसरणार नाहीत. जलसंपदा विभागाच्या परवानगीची खटपट प्राध्यापकांनी करावी. बसभाडे आम्ही पालक आनंदाने देऊ.

– एक पालक, कराड