चूक झाकणारी उदाहरणे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

पदवीच्या वर्गात बहुचल कलन (एकापेक्षा जास्त चलांचे कॅल्क्युलस) शिकवताना सुबक उदाहरणे निवडण्याची सवय फार घट्ट बसली आहे. त्रिज्या २, चौरस ० ते १, फलन ‘एक्स गुणिले वाय’. उत्तर सुटसुटीत येते आणि गणित फळ्यावर मावते. पण याच सुबकपणामुळे चुकीची रीतसुद्धा बरोबर उत्तराला पोचते आणि तिला पूर्ण गुण मिळतात. अभ्यासक्रमाला हात न लावता, नुसते आकडे बदलून हे थांबवता येते. म्हणून हे पत्र.

वर्तुळाचेच पाहा. ध्रुवीय निर्देशकांत, म्हणजे बिंदू केंद्रापासूनचे अंतर ‘आर’ आणि कोन यांनी सांगून, दुहेरी संकलन (इंटिग्रेशन) करताना ‘आर’ हा जादा गुणक लिहायचा राहणे ही नेहमी आढळणारी चूक. त्रिज्या २ असलेल्या वर्तुळाचे क्षेत्रफळ विचारले, तर गुणक घेऊन ४ पाय (π) येते आणि गुणक विसरला तरी ४ पायच येते, कारण त्या एका त्रिज्येला क्षेत्रफळाचा आणि परिघाचा आकडा जुळतो. त्रिज्या ३ घ्या: बरोबर उत्तर ९ पाय, गुणक विसरल्यास ६ पाय. एवढ्या बदलाने चूक उघडी पडते. मग तो गुणक का लागतो हेही तिथेच सांगावे. कोनातला तोच छोटा बदल केंद्रापासून दूर गेल्यावर लांब कंस कापतो, म्हणून क्षेत्रफळाचा तुकडा ‘आर’च्या पटीत वाढतो. हे चित्र काढून दाखवले नाही तर गुणक पाठ होतो आणि आठवड्यात विसरतो.

संकलनाच्या मर्यादांबाबत गोंधळ याहून मोठा आहे. क्रम उलटवताना मुले ‘डीएक्स डीवाय’ची जागा बदलतात, मर्यादा मात्र तशाच ठेवतात. चौरसावर, दोन्ही मर्यादा ० ते १ असल्या, की ही चूक कधीच दिसत नाही. त्रिकोण दिला तरी फलन सममित असून चालत नाही. शून्य, एक्स, वाय, एक अशा चढत्या क्रमाने बांधलेल्या त्रिकोणावर ‘एक्स गुणिले वाय’चे संकलन एक अष्टमांश येते, आणि विद्यार्थ्याने कर्णाच्या पलीकडचा त्रिकोण घेतला तरी एक अष्टमांशच. त्याऐवजी एक्स-वर्ग द्यावा: पहिल्या त्रिकोणावर एक द्वादशांश, दुसऱ्यावर एक चतुर्थांश. याच पहिल्या त्रिकोणावर ‘ई’चा (सुमारे २.७१८ या संख्येचा) वाय-वर्ग घात दिला, तर आधी वायने संकलन नेहमीच्या सूत्रांनी करताच येत नाही, क्रम बदलावाच लागतो. एक्स ० पासून वायपर्यंत, वाय ० ते १. उत्तर ‘ई वजा १’ची निम्मी, म्हणजे सुमारे ०.८५९. इथे मर्यादा न बदलणाऱ्याच्या उत्तरात एक्स शिल्लक राहतो. ठरावीक मर्यादांच्या संकलनाचे उत्तर संख्याच असले पाहिजे, ही कसोटी प्रत्येक वहीवर लिहून घ्यावी इतकी मोलाची आहे. दुसरी कसोटी अंदाजाची: त्रिकोणाचे क्षेत्रफळ अर्धे, फलनाची किंमत १ ते २.७१८ च्या दरम्यान, तेव्हा उत्तर ०.५ ते १.३६ च्या बाहेर जाऊच शकत नाही.

सीमेच्या (लिमिटच्या) धड्यात आरंभबिंदूतून जाणाऱ्या सरळ रेषांवरून तपासायला शिकवतात आणि बहुतेक उदाहरणे तिथेच संपतात. मग ‘सर्व रेषांवर उत्तर एकच आले, म्हणजे सीमा आहे’ असा समज पक्का होतो. एक्स-वर्ग गुणिले वाय, भागिले एक्सचा चौथा घात अधिक वाय-वर्ग, हे फलन प्रत्येक सरळ रेषेवरून शून्याकडे जाते. ‘वाय बरोबर एक्स-वर्ग’ या अन्वस्तावर मात्र ते सतत अर्धे राहते. सीमा नाही. हे एक उदाहरण पहिल्याच तासाला यायला हवे.

एखाद्या दिशेने फलन किती दराने बदलते हे विचारताना, दिशा देतानाही तेच. प्रश्नात दिशा अक्षाला समांतर असली, तर सदिशाची लांबी बहुधा आधीच १ असते आणि लांबीने भागायचे विसरल्याचे कळत नाही. ‘एक्स-वर्ग गुणिले वाय’ या फलनासाठी (१, २) या बिंदूपाशी (३, ४) ही दिशा द्यावी. ग्रेडियंट, म्हणजे एक्स आणि वायच्या दिशेने बदलाच्या दरांचा सदिश, (४, १) येतो. बदलाचा दर ३.२, आणि ५ ने भागायचे राहिले तर १६.

लाग्रांजच्या रीतीत (दिलेली अट पाळून फलनाची सर्वात मोठी किंवा लहान किंमत काढण्याच्या रीतीत) एक्स आणि वायची बेरीज १० देऊन गुणाकार जास्तीत जास्त करायला सांगणे तर निव्वळ वेळ घालवणे आहे. ५ आणि ५ हे मुले न सोडवताच लिहितात. ‘एक्स-वर्ग अधिक चार वाय-वर्ग बरोबर ४’ या लंबवर्तुळावर ‘एक्स-वर्ग अधिक वाय-वर्ग’ची सर्वात मोठी आणि सर्वात लहान किंमत विचारा. या रीतीतल्या पहिल्या समीकरणाला (दोन एक्स बरोबर लॅम्डा गुणिले दोन एक्स) बेधडक एक्सने भागणाऱ्याला फक्त मोठी किंमत ४ सापडते. एक्स शून्य असण्याची शक्यता भागाकारात गेली, आणि तिच्याबरोबर लहान किंमत १ ही गेली.

पेपर काढणाऱ्यांना एक विनंती. प्रश्न छापायला देण्यापूर्वी तो एकदा मुद्दाम चुकीच्या रीतीने सोडवावा: गुणक विसरून, मर्यादा न बदलता, एक्सने भागून. उत्तर तेच आले तर आकडे बदलावेत. आणि दुहेरी संकलनाच्या १० गुणांपैकी निदान ५ गुण क्षेत्राची आकृती आणि मर्यादांना राखून ठेवावेत. नंतरचे संकलन विद्यार्थी एका चलाच्या कलनात आधीच शिकलेला असतो.

आपला,
एक गणित अध्यापक