कालचा ऑपरेटर, आजचा सुपरवायझर

महोदय,

चाकण-भोसरीच्या कारखान्यांत चांगला ऑपरेटर सुपरवायझर होतो आणि पहिल्याच महिन्यात चुकतो: अडलेलं मशीन स्वतःच चालवायला घेतो. तेवढ्यात बाकीच्या लाइनकडे कुणाचंच लक्ष नसतं, आणि शिकणारा तर शिकतच नाही. त्याऐवजी पहिल्या 15 दिवसांत लाइनवरच्या एकेकाशी 20 मिनिटं स्वतंत्र बोलावं. मग वहीत तक्ता आखावा: वर कामं, डावीकडे नावं, आणि ज्याला जे काम येतं तिथे खूण. ज्या कामाखाली एकच खूण, तिथे दुसरा माणूस तयार करायला घ्यावा; नाहीतर एका रजेने लाइन थांबते. शिफ्टच्या सुरुवातीला 10 मिनिटं उभ्या-उभ्या बैठक पुरे: कालचं रिजेक्शन (तपासणीत नाकारलेला माल), आजचं टार्गेट, गैरहजर कोण. ओव्हरटाइमची यादी मात्र फळ्यावरच लावावी. जुन्या मित्रांना झुकतं माप दिल्याची कुजबुज ओव्हरटाइमवरूनच सुरू होते.

– एक वाचक, भोसरी