बोल्ट अडलेला नाही, चिकटलेला आहे

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

सायकलच्या ब्रेकची डिस्क, म्हणजे चाकाच्या मधल्या हबवर बसणारी धातूची चकती, काढताना तिच्या सहा बोल्टपैकी दोन हलत नाहीत म्हणालीस. आता जोर लावणं थांबव. हे बोल्ट बहुतेक वेळा चिकटलेले असतात. ब्रेकच्या हादऱ्यांनी सैल होऊ नयेत म्हणून त्यांच्या आट्यांना कारखान्यातच निळं थ्रेडलॉकर, म्हणजे आटे धरून ठेवणारा गोंद, लावलेलं असतं आणि वाळल्यावर ते प्लास्टिकसारखं कडक होतं. त्यावर डब्ल्यूडी-४० मारून काही साधत नाही. उलट ते डिस्कवरून ब्रेक पॅडवर गेलं की पॅड तेल पितात, ब्रेक किंचाळतो आणि नीट लागत नाही. मग पॅड बदलावेच लागतात. थ्रेडलॉकर मऊ पडतं ते उष्णतेनं.

चाक काढून डिस्क वर येईल असं जमिनीवर आडवं ठेव. ब्रेक हायड्रॉलिक, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणारा, असेल तर दोन पॅडमध्ये जाड पुठ्ठ्याची घडी सरकव आणि चाक बाहेर असताना लिव्हर दाबू नकोस.

मग बोल्टच्या डोक्यातली माती सुईनं खरवडून काढ. हे काम कंटाळवाणं आहे, पण डोकं घासतं ते बहुधा इथेच. आत माती राहिली की बिट, म्हणजे पान्याचं टोक, अर्धवट बसतं आणि कंगोरे मरतात. बिट टी-२५ मापाचं टॉर्क्सच, म्हणजे सहा टोकांच्या चांदणीचं, हवं. टी-२० आत जातं, पण सैल बसतं. अॅलन कीचा प्रयोग करूच नकोस. बिट सरळ उभं धरून छोट्या हातोडीनं दोन-तीन हलके ठोके दे, म्हणजे ते तळापर्यंत बसेल.

आता सोल्डरिंग आयर्न तापवून त्याचं टोक बोल्टच्या डोक्यात दोन-तीन मिनिटं टेकवून ठेव. हबचं ॲल्युमिनियम उष्णता पटकन ओढून घेतं, म्हणून २५ वॉटच्या आयर्नला जास्त वेळ लागेल, ६० वॉटचं मिळालं तर उत्तम. गॅसची ज्योत नको, तिनं बेअरिंगचं ग्रीस आणि सील खराब होतात. बोल्ट गरम असतानाच बिट घाल, एका हातानं खाली दाबून धर आणि आधी किंचित आवळ, मग घड्याळाच्या उलट फिरव. ‘टक्’ असा आवाज आला की पकड सुटली. सगळे बोल्ट हलेपर्यंत एकही पूर्ण काढू नकोस. समोरासमोरचे पाव-पाव फेरा ढिले करत जा. पान्याला पाइप लावून लांबी वाढवू नकोस, त्यानं डोकं तुटतं.

तुमच्याकडच्या, रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत लोखंडी बोल्ट आणि ॲल्युमिनियमचा हब यांच्यामध्ये पांढरी भुकटीही साचते. तसं दिसलं तर तापवणं आणि गार होऊ देणं दोन-तीनदा कर. फुगण्या-आकसण्यानं ती पकड मोडते.

डोकं आधीच गोल झालं असेल तर टी-२७ बिट ठोकून बसवून बघ. तेही फिरलं तर बाकीचे पाच काढ, डोळ्यांच्या बचावाचा चष्मा लाव आणि त्या एका बोल्टचं डोकं ड्रिल कर. मध्यभागी पंचनं खूण, आधी ३ मिमी, मग ५ मिमीचं ड्रिल, सावकाश. डोक्याच्या जाडीपेक्षा खोल जाऊ नकोस, हबचे आटे गेले तर हबच जाईल. डोकं सुटलं की डिस्क निघते आणि बोल्टचा साधारण २ मिमी दांडा वर उरतो. तो व्हाइस ग्रिपनं, म्हणजे घट्ट अडकणाऱ्या पकडीनं, धरून फिरव. डोक्याचा ताण गेलेला असल्यानं बहुतेक वेळा तो सहज येतो.

बसवताना सहाही बोल्ट नवे घे. माप एम-५, लांबी मात्र जुन्याशी ताडून, कारण लांब बोल्ट हबच्या तळाला टेकतो आणि डिस्क सैलच राहते. आटे पुसून निळ्या थ्रेडलॉकरचा एकेक थेंब लाव, लाल नको. डिस्कवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेला ठेव. समोरासमोर थोडे थोडे आवळत जा. किती आवळायचं त्याचा आकडा डिस्क बनवणाऱ्या कंपन्या देतात: शिमानो २ ते ४ न्यूटन-मीटर सांगते, स्रॅम ६.२, तेव्हा तुझ्या डिस्कच्या कंपनीचा आकडा पाळ. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पूस आणि २४ तास सायकल काढू नकोस.

बोल्ट मागवण्याआधी जुन्याचा फोटो पट्टीशेजारी ठेवून पाठव.

तुझी,
आई