विषय : १० मिनिटांऐवजी १० सेकंदांवर सेट करून पाठवलेला तापमान लॉगर

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आज चौथ्यांदा फोन केला आणि चौथ्यांदा रिकाम्या हाती ठेवला, म्हणून लिहितो आहे.

तुमचा १६,००० नोंदी साठवणारा, तापमान नोंदवणारा लॉगर मी द्राक्षांच्या रीफर (थंड) कंटेनरसाठी घेतला. ऑर्डरमध्ये स्पष्ट लिहिलं होतं : दर १० मिनिटांनी एक नोंद. म्हणजे १,६०,००० मिनिटं, १११ दिवस. निफाडहून न्हावा शेवा आणि पुढे रॉटरडॅम एवढ्या प्रवासाला ते भरपूर होतं. सेटिंग तुम्हीच करून पाठवलंत. रॉटरडॅमला पॅलेट उघडल्यावर जो रिपोर्ट निघाला, त्यात इंटरव्हल आहे ००:००:१०. दहा सेकंद! तुमच्या माणसाने दहाचा आकडा मिनिटांच्या जागी न टाकता सेकंदांच्या जागी टाकला.

१६,००० गुणिले १० सेकंद म्हणजे ४४ तास २६ मिनिटं. पॅकहाऊसमध्ये १४ फेब्रुवारीला संध्याकाळी सहाला बटण दाबलं आणि १६ तारखेला दुपारी २.२६ ला मेमरी भरून नोंद थांबली. तेव्हा कंटेनर बंदराच्या यार्डातच उभा होता. समुद्रावरची एकही नोंद नाही.

देठ वाळले, मणी गळाले म्हणून खरेदीदाराने पैसे कापले. माल कुठे तापला हे शिपिंग लाइनला दाखवायला माझ्याकडे कागदच नाही. कंटेनरची स्वतःची नोंद असते, पण ती हवेची. पेटीतल्या मालाचं तापमान कळावं म्हणूनच तर तुमचा लॉगर घेतला होता.

आता आजचं संभाषण. "लाइट लागतोय का, सर?" "लाल लागतोय." "मग लॉगर चालू आहे." लाल म्हणजे मेमरी फुल, हे तुमच्याच पुस्तिकेत छापलंय, ते मी वाचून दाखवलं. अकरा मिनिटं होल्डवर. मग उत्तर आलं : "सर, मेमरी फुल झाली म्हणजे लॉगरने त्याचं काम पूर्ण केलं. तुमचा प्रवास लांबला." प्रवास लांबला? चव्वेचाळीस तासांत युरोपला पोहोचणारं जहाज तुमच्या कंपनीकडे असेल तर मला कळवा. पुढे सल्ला दिला, "इंटरव्हल दोन तास ठेवा, मेमरी कधीच भरणार नाही." दोन नोंदींच्या मध्ये तास-दीड तास कंटेनरचा विजेचा प्लग निघाला तर तो रिपोर्टमध्ये कुठे दिसणार? पेटीतल्या मालाचं तापमान दहा सेकंदांत बदलत नाही आणि दोन तास थांबतही नाही. म्हणून तर मी दहा मिनिटं लिहिलं होतं. फोन ठेवताच पाच स्टार मागणारा मेसेज आला.

मेमरी भरल्यावर जुन्या नोंदी पुसून पुढे लिहायचं सेटिंग असतं, तर शेवटचे ४४ तास मिळाले असते, असंही ऐकवलं गेलं. मधले आठवडे तेव्हाही गेलेच असते. चूक दहा सेकंदांची आहे आणि ती तुमची आहे.

गावातल्या चार बागायतदारांना मीच तुमचा लॉगर घ्यायला सांगितलं. त्यांना आता काय तोंड दाखवू?

इंटरव्हल तुमच्याकडून चुकला, असं लेखी पत्र मला हवं; ते मी खरेदीदाराला देणार आहे. माझ्याकडच्या उरलेल्या सहा लॉगरचं सेटिंग तपासायला माणूस पाठवा. आठ दिवसांत पत्र आलं नाही तर वकिलाची नोटीस येईल. पुढचा कंटेनर शुक्रवारी भरायचा आहे, त्यामुळे माणूस गुरुवारपर्यंत यायलाच हवा.

एक द्राक्ष बागायतदार,
ता. निफाड, जि. नाशिक