आई-बाबा, कॉम्प्युटरचा आवाज गेलेला नाहीये

ती. बाबा आणि ती. आई, साष्टांग नमस्कार.

काल आईशी बोलताना सहज विषय निघाला म्हणून कळलं की दिवाळीपासून कॉम्प्युटरला आवाजच नाहीये. बाबा, इतके दिवस संध्याकाळचं कीर्तन बंद आणि मला एक फोन नाही? "तिला कशाला त्रास" असं तुम्ही म्हणालात हे ऐकून खरंच वाईट वाटलं. आता तो दुकानवाला म्हणतोय साउंड कार्ड गेलं, फॉरमॅट मारून, म्हणजे आतलं पुसून, बघू, तर प्लीज त्याला सीपीयू नेऊ देऊ नका. आजीच्या ओव्या त्यातच आहेत, कॅसेटवरून उतरवलेल्या, आणि ती कॅसेट आता वाजत नाही.

फोन ठेवल्यावर डोक्यात तेच घोळत होतं, मग आठवलं की दिवाळीतच तर आपण नवीन मॉनिटर घेतला. जुन्याची ती दोन बाजूंना स्क्रू असलेली निळी पिन होती ना, व्हीजीएची, त्यातून नुसतं चित्र जातं. नवीनला एचडीएमआय आहे, त्यातून चित्र आणि आवाज दोन्ही जातं, त्यामुळे विंडोज आवाजसुद्धा मॉनिटरकडेच पाठवत असणार, आणि आपल्या मॉनिटरला स्पीकरच नाहीत. म्हणून व्हॉल्यूम १०० दाखवतो, कीर्तन पुढे सरकताना दिसतं आणि ऐकू काहीच येत नाही. माझी जवळजवळ खात्री आहे की हेच झालंय.

बाबा, स्क्रीनवर खाली उजव्या कोपऱ्यात घड्याळाशेजारी स्पीकरचं चित्र आहे, त्यावर एकदा क्लिक करा. व्हॉल्यूमची पट्टी येईल आणि तिच्या वर एक नाव असेल, बहुतेक मॉनिटरचंच. त्या नावाशेजारच्या छोट्या बाणावर क्लिक केलं की अजून नावं दिसतील, त्यातलं स्पीकर्स, रिअलटेक असं लिहिलेलं निवडा. बस, एवढंच. काही बिघडणार नाही, चुकीचं नाव निवडलं गेलं तर परत बदलता येतं.

तरी आवाज नाही आला तर मॉनिटर बसवताना वायर इकडची तिकडे झाली असेल. सीपीयूच्या मागे तीन गोल भोकं आहेत, हिरवं स्पीकरचं, गुलाबी माइकचं, फिकट निळं बाहेरून आवाज आत घ्यायचं. हे रंग आधीपासून ठरलेले आहेत, त्यामुळे जवळजवळ सगळ्या कॉम्प्युटरला तसेच असतात. आपली पिन हिरव्यात हवी, आणि पूर्ण आत, अर्धवट राहिली तर कधी एकाच बाजूने येतो आवाज. स्पीकरची दुसरी यूएसबीची वायर फक्त करंटसाठी आहे, लाल लाइट लागला म्हणजे आवाजाची वायर बरोबर आहे असं नाही. मागे बघायला वाकू नका हं बाबा, तुमची कंबर... आईच्या मोबाईलची बॅटरी लावून फोटो काढा आणि मला पाठवा, मी इथून सांगते.

आणि स्पीकरच गेलेत का हे बघायचं असेल तर ती गोल पिन आईच्या मोबाईलच्या हेडफोनच्या भोकात घालून काहीतरी लावा, यूएसबी तशीच राहू दे. मोबाईलवर वाजले तर स्पीकर चांगले आहेत. घड्याळाशेजारच्या चित्रावर लाल फुली दिसत असेल तर मात्र कशालाच हात लावू नका, तो ड्रायव्हरचा, म्हणजे आवाज चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, प्रॉब्लेम असू शकतो, रविवारी सकाळी मी व्हिडिओ कॉल करून आपण मिळून करू, मी वेळ मोकळाच ठेवलाय.

आई, पेनड्राइव्ह कुरिअरने पाठवलाय, त्यात ओव्यांची कॉपी करून ठेवायची आहे, तेही रविवारीच करू.

आवाज आला की लगेच फोन करा, रात्रीचे अकरा वाजले असले तरी. आणि पहिल्यांदा आजीचीच फाईल लावा, मोबाईल स्पीकरजवळ धरा, मलाही ऐकायचीये. डी ड्राइव्हमध्ये आजी नावाचं फोल्डर आहे.

तुमची,
चिऊ