रिपोर्ट नॉर्मल, माणूस अंथरुणात

महोदय,

‘सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, जरा फिरायला जात जा’ हे ऐकून ऐकून माझी धाकटी बहीण आता फाइल घेऊन दवाखान्यात जायलाच तयार नसते. नुसते केस धुतले तरी तिचा दुसरा दिवस अंथरुणात जातो. आजार क्रॉनिक फटीग सिंड्रोम, म्हणजे विश्रांतीनेही न जाणारा, दीर्घकाळचा टोकाचा थकवा. निदान लक्षणांवरूनच, कारण खात्रीची रक्तचाचणी अजून नाही.

शोध मात्र जोरात आहे, फसगतीसकट. २००९ मध्ये या आजारामागे एक्सएमआरव्ही नावाचा विषाणू असल्याचा केवढा गाजावाजा झाला! ती निघाली प्रयोगशाळेतली भेसळ. २०११ मध्ये शोधनिबंध मागे घेतला गेला. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे संशोधक रॉन डेव्हिस यांनी (त्यांचा मुलगाच या आजाराने खिळलेला आहे) रक्तपेशींवर मिठाचा ताण देऊन विद्युतरोध मोजला. २० रुग्ण आणि २० निरोगी माणसं स्पष्ट वेगळी दिसली. पण चाळीस जणांवर चाचणी बाजारात येत नाही. थकवा आणणाऱ्या इतर आजारांतही असंच दिसतं का, हे तपासायला हवं.

तोवर डॉक्टरांनी एवढंच विचारावं : ‘थोडं काम केलं की दुसऱ्या दिवशी काय होतं?’ त्याला लॅबची फी लागत नाही.

– एक वाचक, सांगली